उंदराला तोंड कळतं

७ जानेवारी १९७४, सोमवार

आज कामावर रुजू झाले. धरमपेठेतून साडेनऊची बस पकडली, दहाला पोचले आणि सव्वादहाला माझ्या नावावर बत्तीस पांढरे उंदीर चढले. बाबांना लगेच कार्ड टाकलं, की तुमच्या सुभद्रेला पहिल्याच दिवशी अख्खी बत्तीशी मिळाली.

जागा छान आहे. दंतवैद्यक विभागाच्या मागे कौलारू बैठी इमारत, दाराशी कडुनिंब. आत उंदरांची लांब खोली आणि तिला लागून आमची कामाची खोली. विभागप्रमुख डॉ. मधुकररावांना सगळे सर म्हणतात. त्यांनी प्रयोग पाच मिनिटांत समजावला. उंदरांचे दोन गट. दोन्हींना सारखंच खाणं: मैदा, दुधाची भुकटी आणि निम्म्याहून जास्त साखर. दुसऱ्या गटाच्या खाण्यात शिवाय थोडं फॉस्फेट. नव्वद दिवसांनी भिंगाखाली दात पाहायचे. साखरेने किती किडवले आणि फॉस्फेटने किती वाचवले ते मोजायचं. नुसत्या साखरेचा गट माझा. म्हणजे दात किडवणं हे माझं काम. माझ्या घरमालकीण कुसुमताई साखरेसाठी रेशनच्या रांगेत दोन-दोन तास उभ्या राहतात आणि माझे उंदीर साखरेत लोळतात. हे त्यांना कळलं तर मला खोली सोडावी लागेल.

सरांनी मला तोंड उघडायला सांगितलं. मी घाबरले. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्याने माझ्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, वरच्या पुढच्या दातावर तर धनुष्यासारखा वाकडा डाग. सरांनी मात्र भिंग लावून बत्तीसही दात पाहिले आणि म्हणाले, पाण्यातल्या फ्लोराइडचं काम, एकही कीड नाही, असे दात कित्येक वर्षांत पाहिले नाहीत. एवढं ऐकून मी पदर तोंडावर घेतला तो घेतलाच.

दुसरा गट प्रेमिलाबाईंचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, रोज कामठीहून बसने येतात. उंदरांची देखभाल करणारे नत्थूजी आणि आम्ही दोघी, एवढीच माणसं. प्रेमिलाबाई माझं स्वागत करताना हसल्या. असे दात मी फक्त दंतमंजनाच्या डब्यावर पाहिले होते.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या वड्या नेल्या होत्या. सरांनी दोन खाल्ल्या, नत्थूजींनी चार. प्रेमिलाबाईंनी गोड हसून एक घेतली आणि रुमालात बांधली. घरी खाईन म्हणाल्या. माझ्या हातचं त्यांना इथे चालत नसावं. दुपारी डबा घेऊन सामानाच्या खोलीत जातात आणि आतून कडी लावून एकट्याच जेवतात. पेरू चाकूने अगदी बारीक चिरून नेतात. बोलताना त्यांचा ‘स’ जरा शिट्टी मारतो, तोही मला मुद्दाम मारल्यासारखा वाटतो. वडिलांचं मिठाईचं दुकान आहे म्हणे. पेढ्या-बर्फीत वाढलेल्या बाईला हे दात, आणि विहिरीचं पाणी पिऊन वाढलेल्या मला हे.

बाबा शाळेत पहिलीच्या मुलांना त, थ, द, ध शिकवताना जीभ दाताला टेकवून दाखवायचे. हे दंत्य वर्ण, दात नाहीत तर ही अक्षरं नाहीत, असं म्हणायचे. पुढचे दात पडलेली पोरं ‘दादा’चं काहीतरी भलतंच करायची आणि आम्ही हसायचो. प्रेमिलाबाई ‘दात’ म्हणतात तेव्हा मला ते आठवतं. काय सुरेख म्हणतात. मी म्हटलं की समोरचा माझ्या डागाकडे बघतो.

२ फेब्रुवारी

सरांनी सांगितलं की एप्रिलमध्ये आमच्यातली एक जागा कायम होणार. मुलाखत पंधरा तारखेला. दुसरीने घरी जायचं. बाबा यंदा निवृत्त होतात. मला ही जागा मिळाली नाही तर गावी परत, आणि गावी काय आहे ते मला माहीत आहे. चार जण मला पाहून गेले. चौघांनी चिवडा संपवला आणि दातांबद्दल कळवलं.

आज बाहेरून पाहुणे आले होते. सरांनी आधी प्रेमिलेच्या उंदरांच्या दाढा दाखवल्या. पांढऱ्या, धडधाकट. पाहुणे वाकून वाकून बघत होते. मग माझे. किडक्या दाढांवर सगळे ‘हं’ म्हणाले आणि हात धुवायला गेले. माझे उंदीर किडतात म्हणून तिचे उठून दिसतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिने म्हणे पाहुण्यांना सांगितलं की सुभद्रेचं काम जास्त कठीण आहे. असलं मोठेपण मला नको.

आजपासून तिच्या नावातला ‘बाई’ काढला आहे. वहीपुरता.

१६ फेब्रुवारी

नत्थूजींची नात आज आली होती, सहा वर्षांची. पुढचा दात पडलेला, मुठीत धरून आणला होता. आमच्याकडेही मुलं पडका दात उंदराच्या बिळात टाकतात आणि त्याचा मागतात. नत्थूजींकडे बिळं शोधायची गरजच नाही. पोरीने दात जाळीतून आत सरकवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, माहा दात तू घे, तुहा दात मले दे. एका उंदराने तो दोन्ही हातांत धरून पाहिला. मला हसू आलं. हे त्याच्या खाण्यात लिहायचं की नाही, असं मी विचारलं.

नत्थूजी हसले नाहीत. म्हणाले, याच्यात गंमत नाही, मागायची रीत असते. बोल साफ पाहिजे आणि दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, “उंदराले माणूस नाही कयत ताई, तोंड कयते. जे तोंड मांगते त्याले देते. अन् ज्याचं मांगसान त्याच्यापाशी जे असन, तेच देते.”

पोरगी जाताना प्रेमिलेकडे बघत राहिली. म्हणाली, मले असे दात पाहिजे. प्रेमिलेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे केलं. दिमाख तरी किती.

११ मार्च

आज जे झालं ते लिहून काढल्याशिवाय पोटातली आग शमायची नाही.

तीन दिवस अक्कलदाढ ठणकत होती. सकाळी विभागातच काढून घेतली. काढणारे म्हणाले, दाढ निरोगी आहे, फक्त वाकडी आली. मी ती कापसात गुंडाळून ठेवली. गालावर सूज घेऊन खोलीत आले तर वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. सरांनी आम्हा दोघींना उभं केलं, प्रत्येकीच्या हातात एक उंदीर. छायाचित्रकार प्रेमिलेला म्हणाला, बाई, हसा. मला म्हणाला, बाई, तुम्ही तोंड मिटा. मग दोन फोटो काढून झाल्यावर म्हणाला, आता या बाईंचा एकटीचा घेतो. मी उंदीर घेऊन बाजूला झाले. आमच्या शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं टाकायचं ठरलंय, हेही त्याच वेळी कळलं. कायमची जागा कोणाची, हे आता मुलाखतीत विचारायला नको.

दुपारच्या सुट्टीत ती नेहमीसारखी कडी लावून बसली. नत्थूजी जेवायला गेले. मी उंदरांच्या खोलीत एकटी. कापूस उघडला, दाढ पहिल्या पिंजऱ्यात सरकवली आणि म्हणाले, प्रेमिलेचे दात मले दे, माहे तू घे. गंमत म्हणून म्हटलं नाही. इथे खोटं कशाला लिहू. आमच्या भाषेत म्हटलं, स्वच्छ म्हटलं, आणि म्हणताना मनापासून म्हटलं.

उंदराने दाढ दोन हातांत धरली. बाकीचे एकतीस जाळीला नाक लावून उभे राहिले.

१९ मार्च

पहिल्या पिंजऱ्यातल्या उंदराला ईथरचा बोळा हुंगवून तोंड तपासलं. गेल्या पंधरवड्यात त्याच्या दाढेत सुई रुतत होती. आज भोक नाही. दाढ अख्खी, आणि तिच्यावर तपकिरी पट्टा. फ्लोराइड या गटाला आम्ही देत नाही. पिंजरे बदलले असतील म्हणून कानावरची खूण पाहिली. तोच आहे.

सकाळी चहात बुडवलेला टोस्ट चावताना माझी खालची दाढ हातात आली. दुखली नाही, रक्त नाही.

आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. लहानपणी पडला की नवा येतो. मी दिवसभर जिभेने ती जागा चाचपत होते. प्रेमिलेकडे बघून, बत्तीशी दाखवून हसले. दाखव म्हटलं तुझे, जितके दिवस आहेत तितके.

२६ मार्च

नऊ पडले. नऊ उंदरांच्या दाढा बऱ्या झाल्या, सगळ्यांवर पट्टे. सर चक्रावले आहेत. खाण्याचे डबे, पाणी, सगळं पुन्हा तपासायला लावलं. त्यांनी माझाही एक्स-रे काढला. मुळं ठीक, हाड ठीक. म्हणाले, दात निरोगी आहेत, फक्त तोंडात राहायला तयार नाहीत.

नवा अजून एकही आला नाही. प्रेमिलेचा एकही हलत नाही. मी रोज मोजते, ती हसते तेव्हा. कुसुमताई माझ्यासाठी मऊ भात लावतात.

१ एप्रिल

आज पुढचा पडला. धनुष्याच्या डागाचा.

विसाव्या पिंजऱ्यातल्या उंदराने जांभई दिली. ईथर नाही, चिमटा नाही, त्याने आपणहून तोंड उघडलं. तोच वाकडा डाग. माझा. आरशात वीस वर्षं पाहिलेला –

उंदीर खात नाहीत. मी खोलीत गेले की खाणं थांबवतात. मी तोंड हलवलं की तेही हलवतात.

मुलाखतीला चौदा दिवस.

५ एप्रिल

एकही नाही. काल शेवटचा गेला, पाणी पिताना.

बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण कळत नाही. ‘दाते’ म्हणून कोणी बाई पत्ता विचारत आल्या, त्यांचं नाव घेऊन नत्थूजींना हाक मारायला गेले तर नुसतं ‘आए’ झालं. त, द, ध – बाबा बरोबर होते. मुलाखतीत काय सांगू, फॉस्फेट ‘आंआंना’ चांगलं?

नत्थूजींना सगळं लिहून दाखवलं. त्यांना वाचता येतं थोडं. म्हणाले, नाव घेतलं ताई तुम्ही, काहून घेतलं. परत मागता येईल का, विचारलं. म्हणाले, येईल. तोंडाने मागावं लागेल, साफ.

मागितलं. पिंजऱ्यापुढे बसून अर्धा तास. माहे – पुढचा शब्दच होत नाही. लिहून दाखवलं. उंदरांनी कागद कुरतडला.

८ एप्रिल

प्रेमिलेने मला हाताला धरून सामानाच्या खोलीत नेलं. आतून कडी लावली. म्हणाली, रडू नकोस, हे बघ.

आणि तोंडात बोट घालून तिने सगळे दात काढले. वरचे, खालचे. पाण्याच्या वाडग्यात ठेवले.

कवळी. दुकानातला पाक चाटत मोठी झाली, म्हणाली. दात आले तसे किडले. अठराव्या वर्षी उरलेले सगळे उपटून ही बसवली. म्हणून वडी रुमालात. म्हणून कडी. म्हणून या कामाला लागली, कोणाच्या पोरीवर असं येऊ नये म्हणून. हे सगळं तिने बोळक्या तोंडाने सांगितलं, आणि मला एकेक शब्द कळला, कारण मीही आता तशीच बोलते.

मी प्रेमिलेचे दात मागितले होते. मला प्रेमिलेचेच मिळाले.

आणखी म्हणाली, सर पुढच्या वर्षी विहिरीच्या पाण्याचा अभ्यास काढणार आहेत, गावोगावी. तिथल्या बायका असल्या पांढऱ्याशुभ्र दातांवर विश्वास ठेवायच्या नाहीत, सुभद्रेचे डाग बघून ठेवतील. म्हणून कायमच्या जागेसाठी तिने माझंच नाव सुचवलं. फेब्रुवारीतच. सरांनी मान्यही केलं होतं.

फेब्रुवारीतच.

९ एप्रिल

दुपारी तिने मला जेवायला आत बोलावलं. आता माझ्यापासून लपवत नाही. जेवून मोरीवर हात धुवायला गेली. वाडगा तिथेच, कवळी त्यात.

मी उचलली. बसवली. जराही इकडे-तिकडे नाही, माझ्यासाठीच केल्यासारखी. म्हणून बघितलं: त. थ. द. ध. सगळं आलं. ‘स’ म्हटला तर शिट्टी –

धावत उंदरांच्या खोलीत. माहे दात मले दे. साफ. तीनदा.

बत्तीसही उभे राहिले. पण माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. तोंडाकडे बघत होते.

तेव्हा आठवलं. जे तोंड मागतं त्याला – आणि माझ्या तोंडात दात प्रेमिलेचे –

मोरीवरून प्रेमिलेची किंकाळी.

११ एप्रिल

उंदरांच्या दाढा पुन्हा किडल्या. सगळ्या. पट्टे गेले.

प्रेमिलेला दात येताहेत. बत्तीसही एकदम. वरच्या पुढच्या दातावर धनुष्य. ती रडते आहे, हसते आहे, सगळ्यांना तोंड उघडून दाखवते. मला मिठी मारली. कवळी मागितली नाही. ठेव, म्हणाली, आता तुलाच लागेल.

निघत नाही ती. काल ओढून पाहिली. हिरडी आली बरोबर –

सर खूश. गावोगावी आता प्रेमिलाच जाणार. दातांवरचे डाग बघून बायका विश्वास ठेवतील, म्हणाले. मला म्हणाले, तुमचे दात फार सुंदर दिसतात. जरा जास्तच सुंदर.

कसे शोभतात तिला. माझे. मला कधी शोभले नाहीत. किंवा शोभत होते, आणि मी पदर –

१२ एप्रिल

झोप नाही. डोळे मिटले की ते डाग. तिच्या तोंडात. बघवत नाही.

नत्थूजींनी हात जोडले. “आता नोका मांगू ताई. तुमच्यापाशी द्याले काही नाही राह्यलं.”

१३ एप्रिल, दुपार

सगळे जेवायला. खोलीला कुलूप होतं. किल्ली नत्थूजींच्या सदऱ्यातून –

प्रेमिला बाहेर कडुनिंबाखाली. दाराकडे पाठ. कैरी खाते आहे, मीठ-तिखट लावून. न चिरता. दाताने. कर्र, कर्र. इथवर ऐकू येतं. माझ्या दातांनी –

बत्तीस पिंजरे उघडले. कोणी पळत नाही. ओळीने बसलेत. हात पुढे करून.

या वेळी चूक नाही. तिचे म्हणजे आता माझेच. नाव घेतलं तरी माझेच येतील. एकेक लिहिते आणि लगेच तसंच मोठ्याने म्हणते, म्हणजे शब्द इकडे-तिकडे –

द्यायला दात नाहीत. असू देत. ज्याच्यापाशी जे असेल –

पहिला मांडीवर चढला. तोंडाकडे बघतो –

प्रेमिलेचे दात मले दे. अन् माहं जे असन, ते तू –